लाल रंगाखालचा शिक्का

बाबा गेले तेव्हा वाटून घ्यायला फारसं काही नव्हतंच. दादानं बाबांची पुस्तकं आणि सायकल नेली, आणि माझ्याकडे एक कप आला. बशी नाही, नुसता कप. पांढराशुभ्र, काठाला सोनेरी रेघ, पोटावर गुलाबी फुलांचा झुबका आणि बुडाला लाल ऑइल पेंटचा जाड थर. घरात त्याला ‘जर्मन कप’ म्हणत. बाहेर कोणाला असं सांगितलं की त्याला ॲल्युमिनियमचा कप वाटायचा, कारण आपल्याकडे जर्मनचं भांडं म्हणजे ॲल्युमिनियमचंच. हा मात्र चिनीमातीचा होता आणि खरोखरच जर्मनीचा आहे असं आजोबा सांगत, म्हणून आम्हीही सांगत होतो. त्यात चहा पिताना मी कधी कोणाला पाहिलं नाही.

बाबांच्या जलदान विधीला पारशिवनीहून आत्या आली होती. बाबांची ही थोरली बहीण आता ऐंशीच्या घरात आहे. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. सगळे पाहुणे पांगल्यावर ती माझ्या घरी मुक्कामाला आली आणि काचेच्या कपाटात तो कप दिसताच दारातच थबकली.

“हा आजून घरातच हाय? माह्या भावानं फेकला नाही?”

“काहून फेकायचा, आत्या? आजोबांचा आहे.”

“तुह्या आजोबाचा नाही. शेठचा हाय. चोरीचा हाय.” आणि मग पलंगावर बसून तिनं मला बजावलं, “मी जिवंत हाय तवर हा त्यायच्या घरी नेऊन दे. माफी माग. मंग मी सुखानं मरतो.”

तोवर ही गोष्ट मला अर्धीमुर्धीच ठाऊक होती. आजोबा नागपूरच्या गांधीबागेत एका कापडाच्या पेढीवर हमाल होते. छप्पन साली दसऱ्याला त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, दुसऱ्या दिवशी कामावर गेले आणि दुपारच्या आतच गमछ्यात हा कप गुंडाळून घरी परतले, ते पुन्हा तिकडे गेलेच नाहीत. बाबा तेव्हा रांगत होते. त्यांना यातलं पुढचं काहीच आठवत नव्हतं, आणि आजोबा फार बोलणाऱ्यांतले नव्हते.

आत्याला मात्र सगळं आठवत होतं. दिवाळीच्या तोंडावर त्या पेढीचा शेठ स्वतः आमच्या वस्तीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला आणि आजोबांचं नाव घेऊन ओरडला, चोर आहेस, माझ्या सेटमधला कप चोरलास. आत्या नळावर पाणी भरत होती. सगळ्या बाया थांबून ऐकत होत्या. आजोबा घराबाहेर आले आणि म्हणाले, “माहा कप हाय, मी आणला.” बस, एवढंच. त्यानंतर गांधीबागेत कोणी त्यांना ओझं उचलायलाही बोलावलं नाही. पुढची सगळी वर्षं त्यांनी स्टेशनावर संत्र्याच्या पेट्या वाहिल्या. आणि शाळेत पोरांनी आत्याचं नाव पाडलं ‘कपचोराची पोरगी’. आत्यानं चौथीत शाळा सोडली ती गरिबीमुळे, असं आम्ही आजवर समजत होतो. ती सोडली होती या कपामुळे.

“अन् पुरावा पाह्यजे तं बुडाले पाह्य,” आत्या म्हणाली. “त्याच्याखाली शेठचं नाव हाय. माह्या बापानं वरून रंग फासला, लपवाले.”

हे तिचं म्हणणं कोणालाही पटेल असंच होतं. आपल्याकडे वाटी असो की पातेलं, त्यावर नाव घातल्याशिवाय ते घरात येत नाही. लग्नात दिलेल्या तांब्यावर देणाऱ्याचं नाव त्याच्या गावासकट असतं. मग कपाच्या बुडाखाली अक्षरं आहेत म्हणजे ती मालकाचीच असणार, आणि ती झाकली म्हणजे पाप झाकलं. लहानपणी तिनं रंगाच्या कडेला एक-दोन इंग्रजी अक्षरं डोकावताना पाहिली होती. वाचता येत नव्हती, आणि पुढे वाचायला शिकायची सोय त्या कपानंच ठेवली नाही.

दादाला फोन केला. तो म्हणाला, “देऊन टाक ना वं नेऊन. म्हातारी खूश, विषय खतम. कशाला जुनं उकरून राहिली?”

माझं डोकंच फिरलं. मी सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये वीस वर्षं काढली. काचपट्टी स्वतः पाहिल्याशिवाय कधी रिपोर्टवर सही केली नाही, मग वरून मोठा डॉक्टर का उभा असेना. आणि आता मी माझ्या आजोबांना, न तपासता, चोर म्हणून सही करून द्यायची? आणि वर माफी मागायची? ते होणार नव्हतं. आत्याला सांगितलं, “आधी मी बघते हा कप काय आहे, कुठला आहे, कधीचा आहे. त्यात आजोबा चोर निघाले तर मी स्वतः जाऊन पाया पडेन.” आत्या म्हणाली, “पाह्य बापा,” आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

सुरुवात साध्या तपासणीनं केली. काठाला टिचकी मारली तर घंटीसारखा स्वच्छ आवाज आला, म्हणजे तडा नाही. आत मोबाईलचा टॉर्च धरला आणि बाहेरून बोटं लावली, तर भिंतीतून बोटांची सावली दिसली. साध्या जाड चिनीमातीतून असा उजेड येत नाही, हे असली भांडं. इथवर आजोबांचं म्हणणं खरं होतं. मग बुडाकडे वळले. रंगाला हात लावण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवले, ती सवय लॅबची. नंतर नेलपॉलिश काढायचं औषध कापसाला लावून हळूहळू घासत बसले. रंग हट्टी होता, पण मी काही त्याच्याहून कमी नव्हते.

आधी हिरवा मुकुट वर आला. खाली एक ढाल, कारखान्याचं अर्धवट पुसलेलं नाव, मग ‘बव्हेरिया’, मग ‘जर्मनी’. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत, ‘यूएस झोन’. शेठचं नाव नव्हतं. कोणाचंच नव्हतं. मी आत्याला हाक मारली, भिंग तिच्या हातात दिलं आणि एकेक अक्षर वाचून दाखवलं.

“तू आपल्या मनानं वाचून राहिली,” ती म्हणाली आणि भिंग परत केलं. दोन दिवसांनी तिचा मुलगा येऊन तिला पारशिवनीला घेऊन गेला. जाताना तिनं कपाकडे पाहिलंसुद्धा नाही.

जर्मनीच्या कपावर अमेरिका कशी, हे मला कळेना. इंटरनेटवर जुन्या चिनीमातीची भांडी जमवणाऱ्यांचा एक गट सापडला. तिथे फोटो टाकले आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं. पहिले काही जण ‘छान कप, बशी कुठे?’ एवढंच विचारून गेले. बशी कुठे! मी काय विचारते, हे काय सांगतात. मग एका जर्मन बाईंचं सविस्तर उत्तर आलं, आणि वाचता वाचता मी खुर्चीवरून उठले.

दुसरं महायुद्ध हरल्यावर जर्मनीचे तुकडे करून जेत्यांनी वाटून घेतले. बव्हेरिया अमेरिकनांच्या वाट्याला गेला. तिथून परदेशी जाणाऱ्या मालावर ‘यूएस झोन’ असं छापावं लागे. पंचेचाळीस साली लढाई संपली, एकोणपन्नासच्या सुमारास पश्चिम जर्मनी वेगळी झाली आणि ती अक्षरं गेली. म्हणजे हा कप त्या मधल्या चार-पाच वर्षांतलाच, आधीचा असूच शकत नाही. बाईंनी शेवटी लिहिलं होतं की असे गुलाब आणि अशी सोनेरी रेघ पुष्कळ कारखान्यांनी वर्षानुवर्षं काढली, तेव्हा फुलांवर विश्वास ठेवू नका, शिक्का पाहा.

मी विजयी मुद्रेनं दादाला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, “मग? नवा कप चोरता येत नाही का?”

फोन आपटावासा वाटला. पण त्याचं चूक नव्हतं. मला वर्ष सापडलं होतं, निर्दोषपणा नाही. शेठचा सेट कुठला आणि कधीचा, हे पाहिल्याशिवाय माझ्या रिपोर्टला अर्थ नव्हता. कर नाही त्याला डर कशाला, असं स्वतःला सांगत कप रुमालात गुंडाळला, डब्यात ठेवला आणि गांधीबागेत गेले.

पेढी अजून तिथंच होती. गादी-तक्क्याच्या जागी काचेचे दरवाजे आणि एसी आले होते. गल्ल्यावर शेठचा नातू बसला होता, साधारण माझ्याच वयाचा. मी आडपडदा न ठेवता सांगितलं, अमक्या हमालाची मी नात, हा कप, तुमच्या घरच्यांनी त्यांना चोर म्हटलं होतं, मला तुमचा सेट पाहायचा आहे. तो क्षणभर गोंधळला, मग हसला.

“हो हो, ऐकलेलं आहे. पणजोबांनी लढाईच्या आधी आणलेला सेट आहे तो, एक कप कमी आहे. घरात सगळ्यांना माहीत आहे, कसा कमी झाला ते. पण जाऊ द्या ना मॅडम, आता कुठे तुमचे आजोबा, कुठे आमचे. आमच्या मनात काही नाही.”

त्यानं मला माफ केलं! न मागता! आत्यानं ज्याच्यासाठी मला पाठवायचं ठरवलं होतं ते फुकटात, काउंटरवरच मिळत होतं. मी म्हटलं, “तुमच्या मनात नसेल. माझ्या आहे. सेट दाखवता का?” बिचारा भला माणूस होता. त्यानं घरी आईला फोन केला आणि मला दुकानामागच्या जिन्यानं वर घेऊन गेला.

त्याची आई म्हणजे जुन्या शेठची सून. अगदी म्हातारी, पातळशी, दिवाणावर उशीला टेकून बसलेली. शेठच्या नातवानं कपाटातून एक कप काढला आणि टेबलावर माझ्या कपाशेजारी ठेवला. तेच गुलाब, तीच सोनेरी रेघ. तो माझ्याकडे कीव केल्यासारखा पाहत होता. “फुलं तर तीच आहेत, मॅडम.”

“उलटा करा,” मी म्हटलं.

त्याच्या कपाखाली निळा, लहानसा शिक्का होता आणि ‘मेड इन जर्मनी’. झोन नाही, अमेरिका नाही. “दुसरा काढा,” मी म्हटलं. त्यानं दुसरा काढला, तिसरा काढला, बश्याही उलट्या केल्या. सगळीकडे तोच निळा शिक्का. मी त्याला जर्मन बाईंचं उत्तर वाचून दाखवलं. तुमचा सेट लढाईच्या आधीचा, हे तुम्हीच सांगितलंत. हा कप लढाईच्या नंतरचा. लढाईच्या आधी आणलेल्या सेटमध्ये लढाईनंतरचा कप असेल कसा? फुलं तीच, साल वेगळं. तो दोन्ही कप हातात घेऊन खिडकीशी गेला आणि बराच वेळ बुडं पाहत राहिला.

“लाल रंग तुम्ही काढला का?” म्हातारीनं विचारलं.

मी रंगाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. घासून घासून बूड पांढरं केलं होतं, आणि ती बसली होती तिथून तिला ते दिसणंही शक्य नव्हतं.

“तुम्हाला कसं माहीत, रंग होता ते?”

मी मोबाईलमधला, रंग काढण्याआधीचा फोटो तिच्यासमोर धरला. तिनं तो पाहिला आणि डोळे मिटले. मग मुलाकडे न पाहता बोलू लागली.

“हे असंच होतं. माझ्या सासूबाईनं लावला होता रंग. घरच्यात मिसळायला नको म्हणून. सासऱ्यांनी मुंबईहून तसाच दुसरा सेट आणला होता, रेल्वेत सगळा फुटला, हा एकच वाचला. एका कपाचं काय करायचं? मग बाहेरच्या कोनाड्यात ठेवला. हमालासाठी.”

“म्हणजे चोरी…” नातू म्हणाला.

“चोरी कशाची? पितळेचं भांडं घासून, तापवून शुद्ध करता येतं, चिनीमातीचं थोडंच येतं? त्याचा कप आम्ही हातात तरी घेत होतो का? वरून चहा ओतायचा. तोच प्यायचा, तोच धुवायचा, तोच कोनाड्यात ठेवायचा. त्यानं नेला असता काय अन् ठेवला असता काय. त्याच्यामागे कोनाडा रिकामा झाला हे कोणाच्या ध्यानात पण नाही आलं.”

“मग आपला कप?”

“तो माझ्या हातून फुटला. लग्न होऊन आली त्याच सालची गोष्ट. दिवाळीची सफाई चालू होती. तुकडे विहिरीत टाकले. सासूबाईनं मोजले तर एक कमी. मुनीम म्हणाला, हमाल जाताना गमछ्यात कप बांधून गेला. सासरे चिडलेलेच होते, सीझनच्या टायमाला माणूस सोडून गेला म्हणून. निघाले तसेच वस्तीकडे. मी बोलली असती तर सासूबाईनं मला माहेरी धाडलं असतं.”

मला आनंद व्हायला हवा होता. जिंकले होते मी, पुराव्यानिशी. पण मला नुसता संताप आला होता, आणि त्याहून जास्त लाज, ती कशाची ते मला आजही नीट सांगता येत नाही. तो लाल रंग मी कापसानं किती प्रेमानं काढला होता. आत्याला वाटत होतं त्याखाली चोरी झाकली आहे. मला वाटत होतं त्याखाली उत्तर आहे. उत्तर रंगच होता. मी कप डब्यात ठेवला आणि जिना उतरले. नातू मागून काहीतरी म्हणत खाली आला, पण मला ऐकायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पारशिवनीची बस धरली. वाटेत एकदा मनात आलं की अर्धंच सांगावं. कप सेटमधला नव्हता, सुनेच्या हातून दुसरा फुटला, आजोबा निर्दोष, एवढं पुरे. कोनाड्याचं कशाला सांगायचं? पण अर्धा रिपोर्ट हा खोटा रिपोर्ट असतो. मी आत्याला सगळं सांगितलं.

ती ऐकत राहिली. मध्ये एकदाच बोलली, “बाप आमाले घरी सांगे, शेठ मले जर्मनीच्या कपात चहा देते. आमी पोट्टे किती खुश होवो. वस्तीत सांगत फिरो.” आजोबा पोरांशी खोटं बोलले नव्हते. फक्त कोनाडा तेवढा गाळला होता. आणि दीक्षा घेऊन आल्यावर तो कप ते तिथं ठेवणार नव्हते. ठेवला असता तर उद्या त्याच कोनाड्यातून दुसऱ्या कोणाच्या तरी हातात गेला असता. हे कोणी मला सांगितलेलं नाही, पण याबद्दल मला तीळभर शंका नाही.

मग आत्या म्हणाली, “चोरला असता तं बरं झालं असतं वं.”

मी रडले. ती नाही रडली. तिनं तिच्या मुलाला हाक मारली आणि लुगडं काढायला सांगितलं, चांगलं पांढरं. “मले गांधीबागेत जायचं हाय.” मुलगा म्हणाला, माय, तुझे गुडघे, तो जिना, आता काय उपयोग, ती म्हातारी पण आज आहे उद्या नाही. “म्हणूनच,” आत्या म्हणाली. “ते आज हाय. मी बी आज हाय.”

त्या जिन्यावर आत्याला चढवणं सोपं नव्हतं. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं शेठचा नातू. मी आधी फोन केला होता, तो खाली वाट पाहतच उभा होता. वर पोचल्यावर त्यानं आत्याला खुर्ची दिली, चहा मागवला. चहा आला, सगळ्यांना एकसारख्या कपांत. आत्यानं त्याला हात लावला नाही. दोघी म्हाताऱ्या समोरासमोर बसल्या होत्या. एकीनं कप फोडला तेव्हा ती जेमतेम मोठी झाली होती, आणि दुसरी चौथीत होती.

“माह्या बापानं चोरी केली नाही,” आत्या म्हणाली. “हे तुमच्या तोंडून ऐकाले आली.”

म्हातारीनं मान खाली घातली. “नाही केली,” ती पुटपुटली.

“जोरानं म्हणा.”

“आत्या,” मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो झटकला.

“जोरानं म्हणा, बाई. तुमच्या सासऱ्यानं जोरानं म्हटलं होतं. आमच्या साऱ्या वस्तीत ऐकू आलं होतं.”

म्हातारीनं मुलाकडे पाहिलं. तो मध्ये पडला नाही. मग तिनं दिवाणाच्या कडेला धरलं, मुलाचा हात न घेता उभी राहिली, आणि सगळा जीव एकवटून म्हणाली, “त्यानं चोरी नाही केली!” आवाज चिरकला. स्वयंपाकघरातली बाई हातातलं लाटणं घेऊन दाराशी आली. खाली दुकानातलं कोणीतरी ‘काय झालं’ म्हणून ओरडलं.

“आजून एकदा,” आत्या म्हणाली.